टेपचं दुसरं टोक

सकाळचे साडेआठ वाजले की रेवा रडायची थांबायची. घड्याळ कळायचं तिचं वय नव्हतं, साडेतीन महिन्यांची तर पोर. पण मागच्या पायवाटेवरून चपला घासत येणारी पावलं तिला बरोबर कळायची. एक पाऊल जोरात, एक हळू, कारण भिमाबाईचा डावा गुडघा दुखरा. ती पावलं ऐकली की रेवा तोंडातली मूठ काढायची, मान मागच्या दाराकडे वळवायची, आणि चैताली मनातल्या मनात म्हणायची, सुटले बाई.

गंगापूर रोड सोडून कालव्याच्या दिशेने आत वळलं की चार रो-हाऊसची एक ओळ लागते. त्यातलं तिसरं घर बच्छावांचं. पुढच्या दाराला नाव, झेंडूच्या कुंड्या, सुनीलची मोटरसायकल. पण घराचा खरा जीव मागच्या बाजूला. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं की धुण्याचा दगड असलेलं छोटं अंगण, त्याला कमरेएवढी भिंत, भिंतीत जाण्यायेण्यापुरती फट, आणि पलीकडे मातीची पट्टी. पट्टीच्या मधोमध पायांनी घासून गुळगुळीत झालेली वाट. वाटेपलीकडे कुणाच्या तरी द्राक्षबागेचं तारेचं कुंपण. ही वाट कालव्यावरच्या छोट्या पुलापासून निघते, चारही घरांच्या पाठीमागून जाते आणि थेट गंगापूर रोडला लागते. कालव्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया कामाला जातात त्या हिच्यावरून.

भिमाबाई या घराला मिळाली तीही हिच्यामुळेच.

चैतालीचं बाळंतपण माहेरी, सिन्नरला झालं. तिथे आई होती, काकू होती, शेजारच्या दोघी होत्या. रेवाला खाली ठेवायचीच वेळ येत नसे. बारसं उरकलं, तीन महिने भरले आणि ती सासरी आली. घरात सासूबाई नाहीत, त्या जाऊन चार वर्षं झाली. नवरा सुनील सिन्नरच्याच एका कारखान्यात, म्हणजे ती जिथून आली तिथेच तो रोज जाणार; यावर दोघं हसलेही होते. राहिले सासरे, तात्या. पण सासऱ्यांना काय सांगणार, बाळाला पायावर कसं घेतात ते?

पहिल्याच दिवशी अंघोळीच्या वेळी तेलकट बाळ हातातून निसटलं. पडलं नाही, पण नाकातोंडात पाणी गेलं. रेवाने जो टाहो फोडला, त्यापेक्षा मोठ्याने चैतालीच रडायला लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"कानात पानी गेलं का गं पोरीच्या?"

एक बाई वाटेवर थांबली होती. काळीसावळी, ठेंगणी, कपाळावर हिरवं गोंदण, काखेत पिशवी.

"नाकात गेलं," चैताली हुंदके देत म्हणाली.

"मंग भेतीस कशाला? नाकातलं नाकानंच येतं भाईर. येऊ का आत?"

आणि उत्तराची वाट न बघता ती आत आलीसुद्धा. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून दगडाशेजारी बसली, पाय पसरले, रेवाला उपडं पायांवर घेतलं. तळवा पोटाखाली, बोटं मानेखाली. रेवा गप्प. पेठकडून वीस वर्षांपूर्वी द्राक्षांच्या कामाला आलेली ही बाई इथलीच झाली होती, तीन घरची बाळं न्हाऊ घालत होती. चौथं हे.

"धुरी द्यायची नाही हं मावशी, डॉक्टर नको म्हणालेत," चैतालीने भीतभीत सांगितलं.

"नको तं नको. तेलाला तं नाय म्हणला नाय ना तुझा डाक्टर? मंग झालं."

त्या दिवसापासून चैतालीला दिवसाकाठी एक तास मिळाला. भिमाबाई बाळाला चोळून, न्हाऊ घालून, गुंडाळून झोपवायची, आणि त्या तासात चैताली कधी केस धुवायची, कधी नुसतीच भिंतीला पाठ टेकून बसायची. बाळ झालेल्या बाईला एक तास म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

*

तात्या म्हणजे सावळीराम बच्छाव, मूळचे नामपूरचे. पस्तीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढलेले. बागलाणातला बांध नि बांध त्यांनी पायाखाली घातलेला. भांडण कितीही पेटलेलं असो, त्यांची एक रीत होती. मोजताना टेपचं एक टोक स्वतःच्या हातात आणि दुसरं टोक, ज्याची तक्रार असेल त्याच्याच हातात. "ज्यानं स्वतः टेप धरला," ते सांगायचे, "तो मागाहून मोजणी खोटी म्हणत नाही. भांडखोराला कामाला लावायचं, निम्मं भांडण तिथंच संपतं." निवृत्त झाले तेव्हा तो चामडी डबीतला, पितळी हँडलचा टेप ते घरी घेऊन आले होते. कपाटात गणपतीच्या चांदीच्या दूर्वांशेजारी त्याची जागा.

रेवा आल्यापासून त्यांनी जुने नकाशे पुन्हा बाहेर काढले होते. अंगाई काही त्यांना येत नव्हती. मग नात मांडीवर घ्यायची, नकाशा पसरायचा आणि बोट फिरवत सांगायचं, "ही बघ, मनी माय, ही जाड रेघ म्हणजे गावाची शीव. ह्या दोन तुटक रेघा शेजारी शेजारी, ही गाडीवाट. आणि ही एकटीच तुटक रेघ, ही पायवाट. बैल नाही, गाडी नाही, नुसती माणसं." रेवा टक लावून बघायची आणि दोन गावं ओलांडायच्या आत झोपायची. चैताली स्वयंपाकघरातून ऐकायची. आता तिलाही नकाशा वाचता यायला लागला होता.

असा हा माणूस. आणि त्याने पायवाट बंद करायला काढली.

झालं काय, की संध्याकाळी वस्तीतली आणि वस्तीबाहेरची पोरं त्या वाटेवरून मोटरसायकली न्यायला लागली होती. चौकातला सिग्नल चुकतो म्हणून. त्यात एका शेळीने तात्यांचा कढीपत्ता बुंध्यापर्यंत खाल्ला. तेही तात्यांनी सोसलं. पण एका संध्याकाळी कुणाच्या तरी हँडलला अडकून कपड्यांची दोरी तुटली, रेवाची धुतलेली दुपटी मातीत पडली आणि मागून आलेली दुसरी गाडी त्यांवरून गेली. तात्यांनी एक दुपटं उचलून सगळ्या ओळीला दाखवलं.

"माझ्या नातीच्या दुपट्यावर टायरचा ठसा! ही पट्टी आपली आहे, फारुखभाई. आपल्या प्लॉटातली. आजवर माणुसकीनं जाऊ दिलं. आता बास."

फारुखभाई म्हणजे दुसऱ्या घरातले, सोफे बनवण्याचा धंदा असलेले, जाडजूड आणि हसतमुख. ते म्हणाले, "तात्या, तुम्ही खात्यातली माणसं. तुम्ही आपली म्हणालात तर आपलीच. गवंडी माझ्या ओळखीचा आहे, भिंतच घालून टाकू."

रविवारी वाटेच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले. भिंतीच्या विटा फारुखभाईंच्या दारात येऊन पडल्या. गवंडी पुढच्या सोमवारी येणार होता.

चैताली दारात रेवाला घेऊन उभी होती. तिला म्हणायचं होतं, तात्या, भिमामावशी कुठून येणार? पण लग्नाला दोन वर्षं झालेली सून, सासऱ्यांना चारचौघांत कसं बोलणार? रात्री तिने सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, "तात्या एकदा जमिनीबद्दल बोलले की आमच्या घरात कुणी बोलत नाही. तुला भिमाबाईचं रिक्षाचं भाडं द्यायचं असेल तर देऊ ना." रिक्षावाला कालव्याच्या त्या कच्च्या रस्त्यावर येतच नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

सोमवारी भिमाबाई दहाला आली. कालव्याच्या कडेने मोठ्या रस्त्याला, तिथून चौक, चौकातून उलट मागे. दोन किलोमीटरचा फेरा. रेवा तोवर भुकेने आणि झोपेने लालबुंद झालेली. भिमाबाईने गुडघ्याला दोन थापा मारल्या आणि पाय पसरले.

"मावशी, रागावलीस?" चैतालीने विचारलं.

"कुनावर? पत्र्यावर?" ती हसली. मग तेलाची वाटी खाली ठेवत म्हणाली, "आमी आलो तवापासून चालतोय त्या वाटंनी. माझ्या आधी माझी चुलतसासू चालायची. तवा तुमची घरं नव्हती, नुसता हरभरा होता. पन म्हातारे शिकेल हायेत, त्यांच्यापाशी कागद असंल."

म्हातारे आत पेपर वाचत होते. पेपराचं पान बराच वेळ उलटलं नाही.

*

बुधवारी महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून पत्र आलं. वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला होता. पत्रे कशाच्या आधारे लावले त्याचा आठ दिवसांत कागदपत्रांसह खुलासा करावा. फारुखभाई पत्र बघून खूश झाले. "बरं झालं! आता तात्या असा कागद लावतील की साहेब चहा पाजतील."

गुरुवारी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, जुन्या खात्यात नक्कल काढायला म्हणून गेले. दुपारी परत आले ते गुंडाळी काखेत धरून, सरळ आपल्या खोलीत. चहा निवला. रात्री भाकरी अर्धी ठेवली.

"तात्या, बरं वाटत नाही का?"

"ऊन लागलं," ते म्हणाले. बाहेर डिसेंबर होता.

आणि रेवाला त्यांनी मांडीवर घेतलं, पण नकाशा काही पसरला नाही. नुसते हलवत बसले. रेवा तासभर जागी.

शुक्रवारी भिमाबाई आली ती कोपर खरचटलेलं घेऊन. चौकात एका टेम्पोला चुकवताना दुभाजकावर आपटली होती. फार नाही, पण हात नीट वळत नव्हता. तिने रेवाला पायांवर घेतलं, मग पुन्हा चैतालीच्या हातात दिलं.

"आज तू घाल पानी. मी सांगते कसं. माझ्या हाताचा भरवसा नाय." चैतालीने पाणी घातलं, भिमाबाईने सांगितलं. सगळं झाल्यावर पिशवी उचलताना ती म्हणाली, "ताई, रविवारपर्यंत येते. पुढं नाय जमायचं. भिंत झाली का मंग कायमचाच फेरा, आन हा गुडघा काय कायमचा नाय. तू आता शिकली थोडं थोडं. भेऊ नको."

चैताली हो म्हणाली. भिमाबाई गेल्यावर तिने रेवाच्या टाळूवर गाल टेकवला. तिथे भिमाबाईच्या तेलाचा वास होता. रविवारनंतर हा वास या घरात असणार नव्हता, आणि तो तास, आणि ती पावलं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं भांडतात का? नाही भांडत. म्हणूनच अशा गोष्टी हातच्या जातात.

*

शनिवारी दुपारी रेवा झोपली तेव्हा चैताली लसीकरणाचं कार्ड शोधत होती. सुनीलने ते कुठे ठेवलं असेल याचा नेम नाही म्हणून तिने बाहेरच्या खोलीतलं तात्यांचं कपाटही उघडलं. कार्ड वरच्याच कप्प्यात होतं. त्याच्याखाली, टेपच्या डबीमागे, ती गुरुवारची गुंडाळी.

तिने उघडायला नको होती. पण कागद उलगडायची सवय तिला तात्यांनीच लावली होती.

आत दोन कागद. एक जुना गाव नकाशा. त्यावर तिने कालवा ओळखला, मोठा रस्ता ओळखला. आणि त्या दोघांच्या मधून, जिथे आज ही चार घरं आहेत त्याच्या पाठीमागून, एक एकटीच तुटक रेघ गेली होती. बैल नाही, गाडी नाही, नुसती माणसं. दुसरा कागद चार घरांच्या मंजूर आराखड्याचा. तीच रेघ तिथेही, आणि तिच्यावर छापील अक्षरं: सार्वजनिक पायवाट, रुंदी तीन मीटर. शेजारी पेन्सिलीने केलेली बारीक फुली. फुली तात्यांची, ते नेहमी अशीच करत.

म्हणजे तात्यांना गुरुवारपासून माहीत होतं.

चैताली कपाटाला टेकून तशीच उभी राहिली. आधी राग आला. मग तिला ती अर्धी भाकरी आठवली, डिसेंबरातलं ऊन आठवलं, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

पाचच्या सुमारास तात्या चहा घेत बसले होते. चैतालीने रेवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि समोरच्या टीपॉयवर तो जुना नकाशा पसरला. कोपऱ्यावर चहाची बशी ठेवली, नाहीतर तो पुन्हा गुंडाळायचा.

"आज नातीला नकाशा दाखवला नाहीत, तात्या."

तात्यांनी बघितलं. कप खाली ठेवला.

"कुठं सापडला?"

"लसीचं कार्ड शोधत होते."

रेवाने मूठ आपटली, ती नेमकी कालव्यावर. तात्यांनी तिची मूठ हातात धरली.

"मला कुणी फसवलं नाही, चैताली," ते हळूच म्हणाले. "मी बघितलंच नाही. घर दाखवलं ते झुंबरनं. नामपूरचाच तो. बाजारात त्याचा बाप नि माझा बाप कांद्याच्या गोण्या शेजारी शेजारी लावायचे. इथं मागच्या पट्टीवर उभा राहिला नि म्हणाला, 'मांगनी पट्टी तुमनीच शे, तात्या.' दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी आधी नकाशा मागितला असता. पण आपल्या गावचा माणूस, आपल्या बोलीत सांगतोय, त्याला काय कागद दाखव म्हणू? मला तो अपमान वाटला त्याचा."

"मग झुंबरकाका खोटं बोलले?"

"त्यालाही ठाऊक नसणार. त्यानंही असंच कुणाचं तरी ऐकलं असेल." ते खिन्न हसले. "पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो, आधी नकाशा मग सौदा. आणि स्वतःच्या घराचा नकाशा काढला तो परवा. घर घेतल्यावर दीड वर्षानं. सांग, हे फारुखभाईंना कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या शब्दावर त्यांनी विटा आणल्या. खात्यातली पोरं हसतील ते वेगळंच."

चैताली खाली सतरंजीवर बसली. "तात्या, उद्या भिमामावशीचा शेवटचा दिवस आहे."

तात्यांनी मान वर केली. "शेवटचा का?"

"काल चौकात पडली ती. भिंत झाली की तेवढा फेरा तिला जमायचा नाही."

त्यांचं बोट नकाशावरच्या तुटक रेघेवर आलं. मग म्हणाले, "अजून एक आहे. रुंदी तीन मीटर लिहिलीय. आपली मागची भिंत मी मोजलेली नाही. ती वाटेत असली तर पाडावी लागेल. तुझा तो धुण्याचा दगड, पोरीची अंघोळीची जागा, सगळं जाईल. तीन दिवस टेप हातात घेतो नि ठेवतो."

धुण्याचा दगड चैतालीच्या डोळ्यांसमोर आला. पण मागे फिरायची वेळ गेली होती.

"मग मोजूया," ती म्हणाली. "तुमच्याच रीतीनं. दुसरं टोक ज्याची तक्रार त्याच्या हातात."

"वस्तीतला कोण धरणार? पत्रे मी ठोकलेत."

"भिमामावशी धरेल."

तात्यांनी कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. रेवाने जांभई दिली. मग एकदम त्यांचा खात्यातला आवाज आला, जो चैतालीने फक्त फोनवर ऐकला होता.

"तिला आठला बोलाव. साडेआठनंतर टेपवर ऊन चमकतं, आकडे दिसत नाहीत."

*

रविवारी आठला सगळे मागे जमले. सुनीलला उठवून पक्कड हातात दिली होती. त्याने पत्र्यांच्या तारा तोडल्या आणि पत्रे भिंतीला टेकवले. फारुखभाई लुंगीवर, हातात ब्रश. त्यांची बायको आयशा गच्चीवरून बघत होती. भिमाबाई कालव्याकडून, वाटेनेच आली, आठवड्यात पहिल्यांदा. पत्रा होता तिथे आल्यावर ती क्षणभर थांबली, पाय टाकू का नको अशी.

"या भिमाबाई," तात्या म्हणाले. "फारुखभाई, आधी एक सांगतो. ही पट्टी आपली नाही. नकाशात पायवाट आहे, सार्वजनिक. मी न बघता बोललो. चूक माझी."

फारुखभाईंच्या तोंडातला फेस तसाच. त्यांनी खाली थुंकून विचारलं, "म्हणजे तात्या, भिंत नाही?"

"नाही. आणि आता आपल्या भिंती मोजायच्यात. त्या वाटेत घुसल्या असतील तर माझी आधी पाडीन."

तात्यांनी डबी उघडली. बागेच्या कुंपणाच्या बुडाशी गवतात बुजलेला हद्दीचा दगड त्यांनी चपलेने मोकळा केला. मग पितळी हँडल भिमाबाईपुढे धरलं.

"हे दगडाच्या मधोमध धरायचं. सोडायचं नाही, ओढलं तरी."

"मी?" भिमाबाईने हात पदराला पुसले. "मला आकडे वाचाया येत नाय, तात्या."

"आकडे मी वाचतो. मी खोटं वाचलं तर टेप सोडून दे."

ती खाली बसली, दुखरा गुडघा बाजूला काढून. दोन्ही हातांनी हँडल दगडावर दाबलं, जसं काही टेप जिवंत आहे आणि निसटेल. तात्या मागे मागे सरकत आले. टेप वाटेवर ताणला गेला. चैतालीने रेवाला छातीशी धरलं. तिची नजर तात्यांच्या अंगठ्यावर. अंगठा भिंतीला टेकला.

तात्या वाकले. चष्मा वर केला, खाली केला. पुन्हा वाकले.

"सुनील, तू वाच."

सुनील वाकला. "तीन मीटर बावीस सेंटिमीटर."

"पुन्हा वाच."

"तीन बावीस, तात्या! भिंत आपल्याच हद्दीत आहे. उलट वीतभर आत आहे."

तात्यांनी टेप तसाच धरून भिंतीवर बसकण मारली. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं चैतालीला दिसलं. तिला एकदम हसू यायला लागलं, कारण भिमाबाई अजून हँडल दाबून बसली होती.

"सोडू का आता?" तिने ओरडून विचारलं. "माझी बोटं मेली!"

"सोड, सोड!"

फारुखभाईंची भिंत नुसती वीतभर नाही, हातभर आत निघाली. त्यांनी तोंड धुतलं आणि जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तात्या, खरं सांगू? आठ दिवस घरात जेवण नीट मिळालं नाही मला. आयशाचे ड्रेस शिवणारी त्याच वस्तीतली. ती यायची बंद झाली. पण तुम्ही एवढ्या खात्रीनं बोलत होतात, मी म्हटलं आपण कोण?"

"आणि तुम्ही विटा आणल्यात म्हणून मला बोलता येईना!"

"म्हणजे दोघंही एकमेकांसाठी भिंत घालत होतो!" फारुखभाई इतके हसले की लुंगी सावरावी लागली.

वरून आयशा म्हणाली, "विटा परत नका पाठवू. तोंडाशी तीन खांब उभे करा, मोटरसायकल जाणार नाही, माणूस जाईल."

"आन शेळी?" भिमाबाईने विचारलं.

"शेळी जाणारच," तात्या म्हणाले. "शेळीला कोण नकाशा दाखवणार?"

भिमाबाई तोंडावर पदर घेऊन हसली. मग तिने भिंतीच्या फटीतून आत येत चैतालीकडे हात पसरले. "आन पोरीला इकडं. पानी तापलं का नाय? का नुसत्या टेपानंच अंगूळ घालायची?"

*

तात्यांनी खुलासा लिहिला तो साध्या कागदावर, चार ओळींत: पायवाट सार्वजनिक आहे, पत्रे स्वतःहून काढले, दुचाकींसाठी खांबांची परवानगी मिळावी. खाली सही आणि कंसात 'निवृत्त भूकरमापक'. ते शब्द लिहू का नको यावर बराच वेळ गेला. चैतालीने सांगितलं, लिहा. खांब परवानगी येईल तेव्हा येतील. तोवर वाटेच्या तोंडाशी फारुखभाईंनी आडवा बांबू बांधला, खाली वाकून माणसं जातात.

झुंबरला मात्र त्यांनी फोन केलाच. चैतालीला आतून ऐकू येत होतं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. पण ते म्हणत होते, "अरे झुंबर, पुढच्या वेळी कुणाला घर दाखवशील तर आधी मला सांग. मी येतो. टेप घेऊन येतो." मग पलीकडचं ऐकून हसले. "नको, पेढे नको. कांदा पाठव."

सोमवारी गवंडी आला, त्याला चहा देऊन परत पाठवला. साडेआठला मागून पावलं आली. एक जोरात, एक हळू. रेवाने मूठ तोंडातून काढली.

तात्या तेव्हा अंगणात कढीपत्त्याला आळं करत होते. "आलीस का? गुडघ्याला काय लावतेस?" त्यांनी विचारलं.

"तेलच लावते. दुसरं काय हाय माझ्यापाशी."

"थांब. माझ्याकडं एक पट्टा आहे, मोजणीला उन्हातान्हात फिरायचो तेव्हाचा."

चैताली दारात बसली. रेवा भिमाबाईच्या पायांवर, उन्हाचा एक तुकडा तिच्या पाठीवर, तात्यांचा आवाज आत कपाट उघडताना. पाण्याचा तांब्या एकेकदा वाजत होता. पलीकडून दोघी बाया बोलत गेल्या, बांबूखाली वाकताना एकीच्या बांगड्या किणकिणल्या. चैतालीने भिंतीला डोकं टेकवलं. केस धुवायचे होते आज. दुपटी वाळत टाकायची होती. आईला फोन करायचा होता.

"ताई, ए ताई," कुणीतरी खांदा हलवत होतं. "ऊठ. पोरगी भुकेजली."

ऊन दारातून सरकून थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेलं होतं. तिच्या अंगावर कुणीतरी रेवाचं दुपटं टाकलं होतं, ते टायरच्या ठशाचं, धुऊनही न गेलेलं. चैतालीने डोळे चोळले आणि लेकीला घेण्यासाठी हात पुढे केले.